लेन्सच्या किंचित डावीकडे

हिवाळ्यातल्या सकाळी वडसा स्टेशनच्या फलाटावर एक ऊबदार वास तरंगत असतो. जवळच्या राईस मिलमध्ये उकडलेल्या धानाची वाफ धुक्यात मिसळते आणि थंडीने आखडलेल्या चेहऱ्यांवर अशी काही सौम्य कांती उतरते, की वाटावे, हे निसटण्याआधी कुठेतरी जपून ठेवावे! माझ्या छंदाचा जन्म या फलाटावरचाच. मी इथल्या महाविद्यालयात शिकवते. सुटीच्या दिवशी फिल्मचा जुना कॅमेरा गळ्यात अडकवून स्टेशनवर, बसस्टँडवर, आठवडी बाजारात जाते आणि अनोळखी माणसांना विचारते, ‘तुमचा एक फोटो काढू का?’

परक्या चेहऱ्याची एवढी ओढ कशासाठी, असे तुम्ही विचाराल. मलाही नेमके सांगता येत नाही. पण फिल्मवर चित्र घ्यायचे तर घाई चालत नाही. प्रकाश पाहावा लागतो, अंतर जुळवावे लागते, आणि तेवढ्या अवकाशात एक अपरिचित जीव आपला चेहरा विश्वासाने माझ्या स्वाधीन करतो. या दानाची मला चटकच लागली होती. ते दान फक्त माझे होते!

मग मीना आली. माझी धाकटी बहीण. लग्न मोडून ती माझ्याकडे राहायला आली तेव्हा दिवसदिवस खिडकीशी बसून असे. ‘त्या घरात मी हाव का नाई, हेच कोनाले मालूम नव्हतं, ताई,’ एवढेच एकदा बोलली. तिचे मन रमावे म्हणून मी तिला सोबत नेऊ लागले. पिशवी तिच्या खांद्यावर, कॅमेरा माझ्या हातात, आणि ती माझ्या डाव्या बाजूला उभी.

पहिल्याच सकाळी फलाटावर एक मासेवाली गाडीची वाट पाहत बसली होती. मी विचारताच तिने पदर तोंडावर ओढला. ‘नोको बाई, माह्या थोबडाचा काय फोटो काढता!’ मी ओशाळून मागे सरले. मीना मात्र तिच्यापुढे उकिडवी बसली.

‘कुठल्या तलावाची मासोळी हाये, मावशी?’

‘आमच्या गावची. काऊन, तुले रांधता येते का?’

‘मले नुसती खाता येते!’

मासेवाली खळखळून हसली. पदर केव्हा खाली आला, तिचे तिलाही कळले नाही. मीना उठून माझ्या शेजारी आली आणि मी कळ दाबली.

पुढे असेच होत गेले. झाडीपट्टीच्या नाटकातला एक नट, कानामागे रंग तसाच राहिलेला, तिच्याशी बोलता बोलता राजासारखा ताठ बसला. कुरखेड्याच्या बसस्टँडवर धानाची कापणी आटोपून लेकीकडे निघालेले एक वृद्ध जोडपे तिच्या कुठल्याशा प्रश्नावर एकमेकांकडे पाहून लाजले. रोल नागपूरला धुवायला गेला आणि फोटो आले, तेव्हा मी हरखून गेले. इतके प्रसन्न, इतके उमललेले चेहरे माझ्या कॅमेऱ्याने पूर्वी कधी टिपले नव्हते. मग माझ्या लक्षात आले. त्यातले कुणीच माझ्याकडे पाहत नव्हते. साऱ्यांची नजर लेन्सच्या किंचित डावीकडे वळलेली होती.

मत्सर ही किती क्षुद्र गोष्टीवर पोसली जाणारी वृत्ती आहे! बोटभर सरकलेली एक नजर, आणि तिच्यापायी माझा जीव तडफडावा? जिला एका घराने इतकी वर्षे पाहिलेच नाही, त्या आपल्याच बहिणीचा मला हेवा वाटावा? वाटत होता खरा. तिच्या हसण्याचा, तिच्या उकिडवे बसण्याचा, ओळख करून घेण्यासाठी तिला कॅमेरा लागत नाही याचासुद्धा. ती चहा घेऊन आली तेव्हा मी ते फोटो पालथे घातले.

पुढच्या सुटीला तिला न सांगताच मी एटापल्लीच्या बाजाराला गेले. दिवसभर हिंडले. कुणी नकार दिला, कुणी लाकडासारखे ताठ उभे राहिले. शेवटी झाडू विकणाऱ्या एका म्हातारीपुढे थांबून मी विचारले. तिने मला पायापासून डोक्यापर्यंत निरखले. ‘काढ,’ एवढेच म्हणाली. ती हसली नाही, तिने पदर सावरला नाही. या बाईला आपल्याकडून काय हवे आहे, हे जोखत असल्यासारखी ती माझ्याकडे रोखून पाहत राहिली. मी कळ दाबली.

तो फोटो आला तेव्हा मीनानेच पाकीट उघडले. म्हातारीपाशी ती थबकली, खूप वेळ पाहत राहिली.

‘हिनं तुले पाह्यलं, ताई,’ ती म्हणाली. ‘असं मले कोनी पाह्यत नाई. माह्यासंगं लोक हासतेत, बोलतेत अन् निघून जातेत.’

तिच्या आवाजात जे होते ते मी तत्क्षणी ओळखले. इतके दिवस ते माझ्याच उरात होते. आणि काय सांगू, मला आनंद झाला! तिला माझा हेवा वाटतो आहे, या जाणिवेचा निर्भेळ, ओंगळ आनंद. मी गप्प राहिले असते तर तो माझाच राहिला असता. पण तिचा चेहरा खिडकीशी बसण्याच्या दिवसांतला झाला होता, आणि तो मला पाहवेना.

मी कपाटातून जुने फोटो काढून तिच्यापुढे ठेवले. ‘सांग, हे कोनाकडं पाहून राह्यले?’

‘बाजूले कुठीतरी.’

‘अन् बाजूले कोन होतं?’

मीनाने मासेवालीचा फोटो उजेडात धरला. मग त्या नटाचा, मग त्या लाजऱ्या जोडप्याचा. पुन्हा पहिल्यापासून पाहू लागली, आणि त्या नजरा जिथे पोचत होत्या तिथे स्वतःला उभे करून पाहत असावी, तशी तिची मान हळूहळू वर आली.

‘हे सगळे?’ तिने विचारले.

‘सगळे.’

तिने ते सारे फोटो गोळा केले आणि मला न विचारता आपल्या खोलीत नेले. म्हातारीचा तेवढा माझ्या हातात राहिला. त्या वेळीही मला मीनाचा हेवा वाटलाच. पण हाक मारून ते परत मागावेत, असे मात्र वाटले नाही.