अक्काचं जोतं आणि माझी प्लेट

अक्काच्या नवीन घराचं जोतं भरायचं काम मला कोणी दिलं नव्हतं. मी मागून घेतलं.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. भावोजी आंब्याच्या कलमावरून पडले, तेव्हापासून चाकाच्या खुर्चीत. जुन्या घराला तीन पायऱ्या आणि वर हा उंच उंबरा. भावोजींना अंगणात यायचं तर दोन माणसं बोलवायला लागायची. म्हणून अक्काने मागच्या परड्यात दोन खोल्या काढल्या. पायरी नाही, उंबरा नाही, आत एका सपाटीची फरशी, दाराशी लांब उतार. गवंड्याने चिऱ्याच्या भिंती उभ्या केल्या. परडं उतरतं, त्यामुळे मागच्या कोपऱ्यात जवळजवळ अडीच फूट माती भरून ठोकायची होती.

मी म्हटलं, "ता माझ्यावर सोड गे अक्का. गोव्यात मी ह्याच काम केलंय."

गोव्यात मी काय केलं होतं? ठोकायचं मशीन, म्हणजे प्लेट, चालवणारा पुढे, मी मागून पाण्याचा पाइप धरून. एकदा तो जेवायला बसला तेव्हा मी प्लेट चालवली. म्हणजे प्लेटच मला चालवत होती, पण लांबून बघणाऱ्याला ते कळत नाही. खाली सगळी समुद्राची वाळू. प्लेट फिरली की वाळू गपगार बसायची. एवढंच माझं शिक्षण.

ठोकायची मशिनं कुडाळात भाड्याने मिळतात. मला त्यातली दोनच ठाऊक. रोलर, म्हणजे दोन लोखंडी पिंपं आडवी, आपण मागून चालायचं. आणि प्लेट, म्हणजे जाड लोखंडी पत्रा, वर इंजिन, थरथरत पुढे सरकतो.

"खयचा बरा?" अक्काने विचारलं.

"दोन्ही बरी."

"दोन्ही बरी तर एकच आणतलंस कित्या? तुका ठाऊक नसात तर तसा सांग."

मला ठाऊक नाही हे तीन शब्द माझ्या तोंडातून कधी सरळ निघालेले नाहीत. अक्का म्हणाली, "चल, देवाक विचारूया."

आमच्याकडे विहीर कुठे खणायची इथपासून गाय विकायची की नाही इथपर्यंत सगळ्याला कौल लावतात. गुरव देवाच्या अंगावर ओल्या पाकळ्या चिकटवतो आणि गाऱ्हाणं घालतो. उजवी पडली तर एक, डावी पडली तर दुसरं. आम्ही ठरवलं, उजवी प्लेट, डावी रोलर.

गुरव अडकला. "नावां परत सांग रे. देवाक असली इंग्रजी नावां कळतली?"

"तुमी सांगा," अक्का म्हणाली. "देव बघून घेतलो."

पाकळी पडेना. अर्धा तास झाला. माझे पाय एका जागी राहीनात, मी या पायावरून त्या पायावर. मी सगळ्यांत पुढे, देवाच्या अगदी तोंडाशी. तेवढ्यात डावी पाकळी कडेने सुटायला लागलेली मला दिसली. रोलरला मी आयुष्यात हात लावला नव्हता. आणि मी खोकलो.

उजवी पडली.

"प्लेट दिल्यान," गुरव म्हणाला. अक्काने हात जोडले. आता मी खोकलो म्हणून पडली, की पडायचीच होती, ते देवाला ठाऊक. मला एवढंच ठाऊक की मला खोकला झालेला नव्हता.

कुडाळात मशीनवाल्याने विचारलं, "माती कसली?"

"तांबडी. परड्यातलीच."

"भिजवून मुठीत धरून बघितलंस? लाडू होता की सुटता?"

"माका लाडू करूचे नाय, जोता भरूचा आसा."

तो हसला नाही. "लाडू झालो तर माती चिकट. चिकट मातयेवर प्लेट नुसती नाचता, वरचा तेवढा गुळगुळीत करता. वाळयेक ती बरी. चिकट मातयेक हाणूक व्हया." त्याने कोपऱ्यातलं तिसरंच मशीन दाखवलं. कमरेएवढं, एका पायावर उभं, खाली चपटा तळवा. चालू केलं की उड्या मारतं. "ह्या ने. वीतभर थर घाल, ठोक, मगे दुसरो थर."

मी म्हटलं, "आमका देवान प्लेट सांगितल्यान."

"देवाक माती दाखवलंस?"

मी हसलो आणि प्लेट घेऊन आलो. वीतभर थर घालत बसलो तर लोक म्हणतील याला येत नाही. मी सगळी माती एकदम ओतून घेतली, वर पाणी मारलं आणि दिवसभर प्लेट फिरवली. संध्याकाळी जोतं असं चकचकीत झालं की वाडीतली माणसं बघायला आली. मी कमरेवर हात ठेवून उभा.

भावोजी जुन्या घराच्या खिडकीतून ओरडले, "मशीन आवाज तर बरो करता रे. काम करता काय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मागच्या कोपऱ्यात गेलो आणि हातातली पहार सहज टेकवली. ती टेकलीच नाही. आपल्याच वजनाने हातभर आत गेली. मी उपसली, आजूबाजूला बघितलं आणि पायाने माती सारून भोक बुजवलं.

मग मला एका जागी बसवेना. फरशीवाले परवा येणार. चहा घेतला, अर्धा ठेवला. परड्यात गेलो, परत आलो, परत गेलो. मशीनवाल्याचं खरं होतं, पण ते सांगायचं तर देवाचं खोटं होत होतं. देवाचं खोटं नाही म्हणायचं तर खोकला सांगायला हवा. अक्का म्हणाली, "पोटात दुखता काय रे? कित्या फिरतंस असो?"

दुपारी भावोजी म्हणाले, "चल, माका नवीन घर दाखव."

नाही कसं म्हणणार? उतारावरून खुर्ची ढकलत वर नेली. भिंतीभिंतीने फिरवली आणि मागचा कोपरा आला की गर्रकन वळवली. दुसऱ्यांदाही तसंच.

"थांब," भावोजी म्हणाले. "थय काय आसा?"

"काय नाय."

"मगे ने थय."

मी खुर्ची घट्ट धरून उभा राहिलो आणि सगळं एका दमात सांगून टाकलं. माती, लाडू, पहार, खोकला. खोकल्यावर भावोजी एवढे हसले की खुर्ची हलायला लागली. "देवाच्या तोंडार खोकलंस मेल्या!"

मग हसता हसता थांबले. कोपऱ्याकडे बघत म्हणाले, "वर फरशी घातल्यार ह्यो कोपरो खचलो असतो, तर माझा काय झाला असता? एकदा पडान झाला रे माझा."

मी खुर्ची कोपऱ्यापासून दोन हात मागे घेतली.

"अक्काक तू सांग," ते म्हणाले. "मी सांगूचंय नाय."

अक्का मागच्या दारी बांगडे साफ करत होती. मी सांगत होतो आणि तिची सुरी चालू होती. शेवटचा बांगडा धुऊन झाल्यावर म्हणाली, "फरशीवाल्यांक फोन कर. तूच कर, माका लाज वाटता. मगे गुरवाकडे जाऊन खराखरा सांग. आणि मगे फावडा घे."

गुरवाने ऐकून घेतलं. म्हणाला, "माका वाटला, झिलाक खोकलो मोठो झालोहा. काढो सांगणार होतंय."

सगळी माती मी एकट्याने उपसली. आठ दिवस लागले. मग ते उड्या मारणारं मशीन आणलं. वीतभर थर, ठोकायचा, परत थर. पहिल्या दिवशी मशीन मला घेऊन भिंतीवर गेलं, गुडघा सोलला. वाडीतले तेच लोक परत बघायला आले, या वेळी बसायला पाट घेऊन. प्रत्येक थरावर मी पहार मारून बघत होतो. आत जात नव्हती. तरी मारत होतो.

आता अक्का-भावोजींना त्या घरात राहायला जाऊन एक पावसाळा झाला. मी गेलो की पहिला मागच्या कोपऱ्यात बसतो आणि बोटाच्या पेरांनी फरशी ठोकून बघतो. अक्का म्हणते, "घरात माणसां आसत रे. आधी त्येंका विचार."

परवा असाच वाकलेलो, तर अक्काची हाक. "अहो, खंय गेलास?" खोलीत खुर्ची नाही. आम्ही दोघं धावत बाहेर आलो. भावोजी उतारावरून आपले आपण खाली जाऊन थेट रस्त्याला लागलेले, आणि मासेवालीशी भांडत होते की ही सुरमई कालची आहे.

अक्का दारातच उभी राहिली. तिने त्यांना परत हाक मारली नाही.

मी आत आलो आणि कोपरा ठोकून बघितला. घट्ट होता. निघताना आणखी एकदा ठोकला.