पाय त्याचे हायत

"शेठ, आधी खाली बसा. उभ्या माणसाला कुत्रं पाय देत न्हाई."

माझ्याच फाटकासमोर मला जमिनीवर बसवणारा हा एकच माणूस. लातूरच्या बाजारात मी जुन्या ट्रॅक्टरचे सौदे करतो. हमालीपासून सुरुवात करून खुर्ची मिळवलीय मी. समोरचा कितीही मोठा असो, तो वाकेपर्यंत मी वाकत नाही. पण मामा पिशवीतून कातर काढायचे, बोटानं फरशी दाखवायचे आणि मी चरफडत मांडी घालायचो. तो राग अजून गेलेला नाही.

मामा औशाचे. कुणाचे मामा, कुणास ठाऊक. सगळी गल्ली तेच म्हणायची. हयात मेंढ्यांची लोकर कातरण्यात गेली. मेंढरं विकली, कातर राहिली. मग थंडी पडली की बसनं लातूरला येऊन ते केसाळ कुत्र्यांचे पाय नीट करून द्यायचे. फक्त पाय. "बाकीचं अंग तुमचं तुम्ही बघा," म्हणायचे.

आमचा बादल लांब केसांचा जर्मन शेफर्ड. एका ट्रॅक्टरच्या सौद्यात वरती मागून घेतलेलं पिल्लू. तुमच्याकडे असा कुत्रा असेल तर तुम्हीही पाहिलं असेल: हिवाळ्यात दवानं भिजलेली काळी माती बोटांमधल्या केसांत बसते, वाळून खड्यासारखी होते आणि कुत्रा काचेवरून चालल्यासारखा पाय टाकतो. मी ती ओढायला गेलो की बादल गुरगुरायचा. मामा पाय कोमट पाण्यात धरून ठेवायचे. ढेकूळ आपोआप सुटायचं. मग फडक्यानं पाय कोरडा करून, तळव्याच्या गादीबाहेर आलेले तेवढेच केस बरोबरीनं कातरायचे. बोटांच्या मधे कातर घालायची नाही. शेवटी खोबरेल तेलाचं बोट.

"आतले केस राहू द्या. ती त्याची चप्पल हाय."

भांडण त्या चपलेवरूनच झालं. मुलीचा साखरपुडा, घरात नवी पांढरी फरशी आणि तिच्यावर बादलच्या चिखलाचे ठसे. मी म्हणालो, "मामा, यावेळी पार गुळगुळीत करा."

"न्हाई जमणार."

"कुत्रा माझा आहे!"

"हाव, कुत्रा तुमचा. पाय त्याचे हायत."

मी त्यांची पिशवी फाटकाबाहेर ठेवली. ठेवली म्हणजे फेकली. मामांनी कातर उचलली, पात्यावर फुंकर मारली आणि स्टँडकडे चालू लागले.

मी ऐकणारा नव्हे. म्हशी भादरणारा बोलावला आणि त्याच्या मशीननं चारही पाय साफ करून घेतले. साखरपुड्यात फरशी लखलखत होती. चौथ्या दिवशी बादल तीन पायांवर घरी आला. शेजारच्या रिकाम्या प्लॉटमधल्या वाळल्या गवताचं कुसळ उघड्या बोटांत घुसलं होतं. पाय सुजला. कुणाला हात लावू देईना. डॉक्टर म्हणाले, उद्या भूल देऊन बघू. मी ओसरीवर येरझाऱ्या घालत राहिलो. शेवटी बायको म्हणाली, "औशाला तुम्ही जाता का मी जाऊ?"

गेलो. मामांनी कुरकुर केली नाही. चहा पाजला आणि गाडीत बसले. फाटकाशी आल्यावर मला खाली बसवलं, बादलचं डोकं माझ्या मांडीवर दिलं आणि त्याच्या कानाशी वाकून म्हणाले, "काय रं, म्हैस झालास व्हय?"

मला चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. दोन बोटांच्या चिमटीत धरून त्यांनी कुसळ सरळ ओढलं. बादल कण्हला आणि त्यांचाच हात चाटू लागला.

"आता डॉक्टरला दाखवा. औषध लागंल."

मी ती कातर विकत मागितली. कुणावर अवलंबून राहायचं नव्हतं मला. मामा हसले.

"कातर घ्याल शेठ, बसायला कधी शिकाल?"

या थंडीत ते आलेच नाहीत. आठ दिवस वाट पाहिली आणि चिडून औशाला गेलो, चांगलं सुनावायला. त्यांची सून दारात शेंगा फोडत बसली होती.

"ते तर पोळ्याच्या आधीच गेले. तुम्हाला कुणी सांगितलं न्हाई व्हय?"

कोण सांगणार? मामांकडे फोन नव्हता, आणि मी तरी त्यांचा कोण लागत होतो? तिच्या मागे कातर खिळ्याला टांगलेली दिसली. मागितली असती तर तिनं दिली असती. मी ती तशीच खिळ्यावर राहू दिली.

आज सकाळी बादलच्या पुढच्या पायात ढेकूळ दिसलं. घरातली कात्री, कोमट पाणी, फडकं घेऊन फाटकाशी गेलो. गुडघे कुरकुरले, पण बसलो. बादल आला, पाणी हुंगलं आणि रस्ता बघायला गेला. परत आला, परत गेला.

"ये की रं," मी म्हणालो. उठलो नाही.

चौथ्या खेपेला त्यानं चिखलानं भरलेला पाय माझ्या हातात दिला. तोंड मात्र स्टँडच्या रस्त्याकडेच होतं.