रेंजताईंचा नकाशा

रेंजताई कुणाच्याही घरी पहिल्यांदा गेल्या की चपला काढून थेट न्हाणीघराकडे चालू लागायच्या. घरची बाई पाण्याचा पेला घेऊन बाहेरच्या खोलीत उभी, आणि ताई आत दार लोटून, हातातला फोन कधी गिझरपाशी तर कधी खिडकीच्या जाळीपाशी धरून उभ्या. बाहेर आल्या की सांगायच्या, "एक काडी. तीसुद्धा बादलीवर चढलं तर." मग पाणी प्यायच्या. "गॅलरीत काय, सगळ्यांनाच रेंज असते," त्या म्हणायच्या. "घर कसं आहे ते आतल्या खोलीत कळतं."

माझी त्यांची ओळख अशाच एका न्हाणीघरात झाली. मी यवतमाळकडून खराडीच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरीला आलो होतो आणि विश्रांतवाडीत भाड्याने राहत होतो. घर शोधताना एका वेबसाइटवर पुण्याचा नकाशा पाहिला होता. कुठल्या गल्लीत कुठल्या कंपनीचा मोबाइल चालतो ते त्यात रंगांनी दाखवलेलं असे. माझी गल्ली हिरवीगार होती, आणि घरात मात्र फोन लागत नव्हता. मी रागारागाने पत्त्यासकट दोन ओळी इंग्रजीत लिहून कळवलं, तुमचा नकाशा चुकीचा आहे. त्या रविवारी सकाळी बेल वाजली. दारात पन्नाशी उलटलेल्या, सुती साडीवर कॉलेजच्या मुलांसारखी सॅक लावलेल्या एक बाई, आणि मागे हेल्मेट हातात धरून एक उंच, अबोल गृहस्थ.

"नकाशा चुकलाय म्हणणारे आपणच का?"

"हो."

"मग दाखवा."

सगळ्या खोल्या फिरून झाल्यावर त्या म्हणाल्या, "चुकलाय. लाल करते. मागची इमारत नवी उठलीय, आमच्या नकाशाला ती माहीत नव्हती." आणि मग, "कुठले आपण?"

"यवतमाळकडचा."

"मग असं सांग नं बाप्पा! माणसाशी इंग्रजीत काऊन भांडतो?"

तेव्हापासून मी 'आपण'चा 'तू' झालो. ताई मूळच्या नागपूरच्या. पुण्यात तीस-एक वर्षं सरकारी कचेरीत काढल्याने इथलं तिरकं बोलणं त्यांनी पुरतं उचललं होतं. पण माया किंवा संताप अनावर झाला की जिभेवर नागपूर यायचं.

नकाशा त्यांनी सुरू केलेला नव्हता. तीन इंजिनियर मित्रांनी हौसेने तो उभा केला होता. ज्याला वाटेल त्याने फोनमध्ये एक ॲप घ्यायचं. मग तो माणूस जिथे जाईल तिथली रेंज फोन आपोआप टिपून पाठवत असे आणि नकाशावर एक ठिपका उमटत असे. चांगली रेंज असली तर हिरवा, जेमतेम असली तर पिवळा, नसली तर लाल. कुणालाही पगार नाही, जाहिरात नाही. पुढे एकेक मित्र परदेशी गेला. शेवटचा जाताना त्याने सगळ्या स्वयंसेवकांना निरोप धाडला, की आता हे कुणी चालवणार आहे का, नाहीतर बंद करतो. उत्तर एकच आलं, एका शब्दाचं. "चालवते." ताईंना तेव्हा प्रोग्रॅमिंगचं ओ की ठो कळत नव्हतं.

कशाला घेतलंत गळ्यात, असं मी एकदा विचारलं. त्या कचेरीत आरेखक होत्या. मेणकागदावर नकाशे काढायच्या, पुढे तेच काम कॉम्प्युटरवर करू लागल्या. म्हणाल्या, "नोकरीभर मी नसलेले कालवे काढले रे. प्रस्तावित कालवा, प्रस्तावित पूल, प्रस्तावित तलाव. तुटक रेघ. त्यातल्या किती रेघा सलग झाल्या ते विचारू नकोस. आणि या मोबाइल कंपन्या जाहिरातीत सगळं शहरच एका रंगात बुडवून टाकतात. मला एकदा तरी जे आहे तेवढंच काढायचं होतं."

त्यांच्यामागे हेल्मेट धरून उभे असत ते त्यांचे यजमान. कारखान्यातून निवृत्त झालेले. त्यांना सगळे काका म्हणत. यावर ताईंचा आक्षेप होता. "मी ताई आणि हे काका! मग मी यांची पुतणी का?" काका नुसते हसत. त्यांना नकाशाशी काही देणंघेणं नव्हतं, स्कूटर चालवायला आवडे. रोज सकाळी शर्टाच्या खिशात फोन टाकून ते निघत. ताई सांगतील त्या रस्त्याने धानोरी, कळस, येरवडा, कधी थेट बिबवेवाडी. याला ते 'ठिपके वेचायला जातो' म्हणत. पारिजातकाची फुलं वेचायला जावं तसं.

नकाशा ज्या कॉम्प्युटरवर चालायचा, तो बिबवेवाडीत एका ओळखीच्याच्या ऑफिसात, झेरॉक्स मशीनच्या शेजारी टेबलाखाली ठेवलेला होता. ते ऑफिस बंद झालं. मी टेम्पो बघतो म्हणेपर्यंत दोघं स्कूटरवरून गेले आणि तो कॉम्प्युटर चादरीत गुंडाळून, ताईंच्या मांडीवर ठेवून घेऊन आले. पुढची सगळी वर्षं पुण्याचा नकाशा विश्रांतवाडीतल्याच त्यांच्या घरी, बाहेरच्या खोलीत, बुद्धमूर्तीच्या कोनाड्याखाली घुमत राहिला. वीज गेली की इन्व्हर्टरवर आधी तो. पंखा बंद, टीव्ही बंद. काका वर्तमानपत्राने वारा घेत बसत. मी एकदा म्हटलं, "ताई, तासभर बंद राहिला तर कोणाचं काय बिघडणार आहे?" त्या म्हणाल्या, "बरोबर आहे. कोणाचंच नाही. तू पण उद्या तासभर उशिरा जा ऑफिसात. बघू, कोणाचं काय बिघडतं."

फोन कंपन्यांनी काही बदल केला की आमचं ॲप मुकं व्हायचं. मग मला बोलावणं येई. मी काम करत असे आणि त्या शेजारी खुर्ची टाकून बसत. हळूहळू त्यांना बरंच समजू लागलं. माझी चूक झाली की बोलत नसत, फक्त चष्मा पुसत. चष्मा पुसला जाऊ लागला की मी मागच्या चार ओळी पुन्हा वाचायचो.

एकदा एका मोठ्या सोसायटीचे अध्यक्ष त्यांच्या घरी आले. मी तिथेच होतो. त्यांच्या तिन्ही इमारती नकाशात लाल होत्या.

"अहो मॅडम, तुमच्या या नकाशामुळे आमच्याकडे भाडेकरू यायला तयार नाहीत."

"रेंज आहे का आपल्याकडे?"

"नाही, पण ते लिहायची काय गरज आहे?"

"टॉवर बसवायला आपणच विरोध केलात ना? बोर्ड लावला होतात, मी पाहिलाय."

"तो वेगळा मुद्दा आहे. निदान पिवळा तरी करा."

ताईंनी त्यांच्यापुढे चहा ठेवला. "अध्यक्षसाहेब, आपली बीपीची गोळी चालू आहे का? डॉक्टरांना म्हणून बघा, आकडा जरा कमी लिहा. लिहिला तर मला कळवा. मग पिवळा करते." अध्यक्षांनी चहा अर्धा ठेवला.

मग साथ आली आणि टाळेबंदी. रस्ते रिकामे झाल्यावर ठिपकेही थांबले. मी घरातूनच काम करत होतो. मीटिंगा चालू असायच्या, बाहेर रुग्णवाहिका. काही वाटेनासं झालं होतं. जेवण, झोप, बातम्या, सगळं एकाच चवीचं. त्या वेळी लोहगावच्या पलीकडच्या एका वस्तीवरून एका शिक्षिकेचा ताईंना फोन आला. शाळा फोनवर भरत होती. "पोरं टेकडीवर चढून बसत्यात ओ. खाली वस्तीजवळ कुठं रेंज हाय का, तेवढं बघता का?"

नकाशात ती जागा कोरी होती. काका म्हणाले, मी जाऊन येतो. ते मास्क बांधून गेले, वस्तीभोवती हळूहळू फिरले, आणि देवळाच्या मागच्या भिंतीपाशी त्यांना तीन काड्या सापडल्या. नकाशावर त्या कोऱ्या जागेत हिरव्या ठिपक्यांचा एक छोटा पुंजका उमटला. मुलं तिथे बसू लागली. शिक्षिकेने फोटो पाठवला होता.

थोड्याच दिवसांत दोघंही तापाने पडले. लागण कुठे झाली ते कळलं नाही. किराण्याच्या दुकानात झाली असेल, दूधवाल्याकडून झाली असेल. ताईंचा ताप उतरला. काकांना धाप लागू लागली, त्यांना नेलं. ताईंना घराबाहेर पडायची परवानगी नव्हती, आणि मलाही आत जायची नव्हती. फोन काकांच्या शर्टाच्या खिशात तसाच राहिला होता, ॲप चालू. नकाशावर विश्रांतवाडीपासून इस्पितळापर्यंत एक रेघ उमटली आणि मग ठिपके एकाच जागी साचू लागले. पिवळे. मधूनच एखादा लाल.

ताई कॉम्प्युटरपुढे बसून असायच्या. इस्पितळातून धड काही कळत नव्हतं. त्या मला फोन करून सांगायच्या, "आत्ता ठिपका आला. म्हणजे कुणीतरी फोन चार्जिंगला लावलाय. म्हणजे शेजारी कुणीतरी आहे त्यांच्या." मी बरं म्हणायचो. एका दुपारी त्यांचा आवाज अगदी नेहमीसारखा होता. "अरे, आत्ता इस्पितळातून कळवलं. हे गेले." आणि त्याच आवाजात पुढे म्हणाल्या, "पण फोन चालू आहे अजून. ठिपके येताहेत."

संध्याकाळपर्यंत येत राहिले. मी माझ्या घरी, त्या त्यांच्या घरी, आम्ही दोघं तेच बघत होतो. मग बॅटरी संपली असावी.

निर्बंध उठल्यावर मी भेटायला गेलो. ताईंनी पोहे केले होते. दोघांनी खाल्ले. कुणी रडलं नाही. मीही नाही, आणि त्याचं मला तेव्हा काही विशेष वाटलं नाही. निघताना चाचरत विचारलं, इस्पितळातले ते ठिपके काढून टाकू का?

"काऊन?" त्या म्हणाल्या. "तिथली रेंज खोटी होती काय?"

ते ठिपके राहिले.

त्यानंतर दोनेक वर्षं ताईंनी नकाशा पूर्वीपेक्षा जास्त चालवला. स्कूटर त्यांना येत नव्हती. बसने काकांच्या सगळ्या रस्त्यांवरून फिरल्या. नवे स्वयंसेवक जोडले, खराडीच्या नव्या इमारती, नवे उड्डाणपूल, सगळं भरून काढलं. नकाशा कधी नव्हता इतका बरोबर होता. डिलिव्हरीची पोरं तो बघत, भाड्याने घर शोधणारे बघत. आणि एका रविवारी सकाळी त्या रिक्षा करून माझ्याकडे आल्या. सोबत तो कॉम्प्युटर. पासवर्ड तोंडी सांगितले, माझ्याकडून म्हणून घेतले.

"आजपासून तू बघ. नाहीतर बंद कर."

"का ताई? काय झालं?"

"काही नाही. कंटाळा आला."

मी थांबवायचा प्रयत्न केला. लोकांचं काय, म्हटलं. "लोकांचं लोक बघतील," म्हणाल्या. रिक्षावाल्याला थांबवून ठेवलं होतं. गेल्या.

मला त्यांचा राग आला होता, असं आता वाटतं. तेव्हा तोही नीट आला नाही. मी कॉम्प्युटर जोडला आणि नकाशा चालू ठेवला.

बरेच महिने मी तिकडे फिरकलो नाही. मग एका सुट्टीच्या दुपारी गेलो. ताई थोड्या जाड झाल्या होत्या, चेहरा निवळल्यासारखा दिसत होता. बाहेरच्या खोलीत जिथे कॉम्प्युटर होता तिथे आता एक दिवाण होता. मी आल्या आल्या नकाशाची खबरबात द्यायला लागलो. किती नवे लोक आले, कुठली गल्ली हिरवी झाली. त्यांनी ऐकून घेतलं. "बरं," म्हणाल्या, आणि मिरच्यांचे देठ काढत बसल्या. खूप वेळाने, मान वर न करता म्हणाल्या, "हे गेले तेव्हा मी रडले नाही. बघत बसले होते ना. मग पुढे रोज सकाळी उठून तेच. ठिपका आला की बरं वाटायचं. कुणाचाही असो. लोकांना वाटलं, ताई किती काम करते. काम कसलं रे, मी वाट बघत होते."

मीही एक मिरची उचलून देठ काढू लागलो.

"एक दिवस बसमध्ये कळलं मला ते. कळसच्या चढावर. घरी आले, आणि मग रडले. दोन दिवस. शेजारीण पोळी आणून द्यायची." त्यांनी मिरच्या ताटलीत लोटल्या. "तू कशाला चालवतोस अजून?"

"लोक बघतात," मी म्हटलं.

"लोक बघतात म्हणून?"

"हो."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. कचेरीत नव्या माणसाने काढलेली रेघ बघावी तसं.

"मग चालव," त्या म्हणाल्या. "पण तू जेवतोस का वेळेवर? कुणाशी बोलतोस का? घरी आईला फोन करतोस?"

मी म्हटलं, करतो. खरं तर करत नव्हतो.

"मी आता दुपारची झोपते," त्या उठत म्हणाल्या. "नोकरीत राहून गेलं होतं. तू बस. पंखा लाव. घाई नाही कसली."

त्या आतल्या खोलीत गेल्या. थोड्या वेळाने त्यांच्या घोरण्याचा बारीक आवाज येऊ लागला. मी त्या दिवाणावर बसलो होतो. बाहेर आळंदी रस्त्याची वाहनं, खोलीत मिरच्यांचा वास. आईला शेवटचा फोन कधी केला होता ते आठवून पाहिलं, आठवलं नाही. मी ताईंच्या गॅलरीत गेलो, आईला फोन लावला. ती म्हणाली, "बोल रे." मी बोलायला लागलो, तेव्हा काय सांगायचं आहे ते मला ठाऊक नव्हतं.