त्याच नवऱ्याशी

सुपडूआप्पांनी शोभाबाईंना पहिल्यांदा ‘माय’ म्हटलं, तेव्हा त्या हसल्या. म्हाताऱ्याला चेष्टा सुचतेय, असं त्यांना वाटलं. मग आप्पा रोजच म्हणू लागले, “माय, मनी शोभाले बलाव ना.” विसरण्याच्या आजाराने त्यांना तरुणपणात नेऊन सोडलं होतं. कोसाड वस्तीतल्या त्यांच्या खोलीत वावरणारी ही सुरकुतलेली बाई त्यांना कुणी वडीलधारी वाटे. फक्त दिवेलागणीला शोभाबाई शेजारी बसून त्यांचा हात हातात घेत, तेव्हा डोळे मिटून ते विचारत, “उनी का शोभा?” आपण आल्याचं त्यांना कळलं, तेवढ्यावर बाईंचा दुसरा दिवस निघे.

तरुणपणी त्या मागाच्या कारखान्यात बॉबीनवर दोरा भरत; आता इच्छापोरच्या एका क्रीमच्या कारखान्यात भांडी धुण्याचं काम करत. तिथल्या हर्षदा केमिस्टने एकदा भांड्याच्या तळाशी साचलेला, मधासारखा दाट द्रव दाखवला. “मावशी, हे यीस्टने केलंय, साखर आणि तेल खाऊन. साबणासारखं तेल-पाणी एकजीव करतं, पण कातडी कोरडी पडत नाही. सुरकुत्यांच्या क्रीममध्ये घालतो.”

“म्हणजे जंतूंचं उष्टं तोंडाला फासायचं?”

“इडली खाताना नाही विचारत ते!”

शोभाबाई हसल्या नाहीत. “याने तोंड पहिल्यासारखं होतं का गं?”

हर्षदा घुटमळली. “जरा तजेला येतो, मावशी. वय थोडंच मागे जातं?” तरी वाकडं लेबल लागलेल्या दोन डब्या तिने पिशवीत घातल्या.

शोभाबाई सकाळ-संध्याकाळ क्रीम चोळू लागल्या. कपाळ, गाल, गळा. बोटांना राहिलेलं तळव्यांवर जिरवायचं. शेजारची चंचल दारातून ओरडली, “काय शोभाबाई, पुन्हा लग्न करताय की काय?”

“करतेय ना. त्याच नवऱ्याशी!”

दुसरी डबी संपत आली. एका संध्याकाळी केस विंचरून, कुंकू लावून त्या आप्पांसमोर उभ्या राहिल्या. आप्पांनी निरखून पाहिलं.

“माय, मनी शोभा कोठे शे?”

हे एवढं त्यांनी सोसलं. शेजारी बसून नेहमीसारखा हात हातात घेतला. आप्पांनी डोळे मिटले. त्यांचा अंगठा बाईंच्या तळव्यावरून फिरला, बोटांच्या पेरांवर थांबला, पुन्हा फिरला. मग त्यांनी हळूच हात सोडवून घेतला.

“हाऊ तिना हात नही. मनी शोभाना हात खरबडा शे. बॉबीन भरीभरीसन दोराना काप पडेल शेतस.”

शोभाबाईंनी स्वतःचे तळवे पाहिले. मऊ झाले होते. ते मऊ होत असताना त्यांना बरं वाटलं होतं.

“येई ना ती,” आवाज सांभाळत त्या म्हणाल्या. “तवलोंग मी बठू का आठे?”

आप्पांनी पाय आखडून घेतले आणि परक्या बाईला अदबीने जागा करून दिली.