पैलवानांसाठी थांबलेली एसटी

तालमीतल्या मंडळींनो, नगरहून आल्या आल्या फळ्यावर लिहितोय.

सकाळी कोल्हारच्या स्टँडवरून एसटी सुटत होती. मी आणि बायको दोघंही पळालो. पंचेचाळिशीतही रोज मुदगल फिरवणारा मी, अर्ध्यात कमरेवर हात ठेवून धापा टाकत उभा! तिनं गाडी गाठली, पायरीवर पाय ठेवला आणि कंडक्टरला म्हणाली, "थांबा जरा, आमचं पैलवान मागं ऱ्हायल्यात."

अख्खी गाडी हसली.

सीटवर बसल्यावर म्हणते, "दंडात जोर लई हाय तुमच्या, पर छातीत दम न्हाई."

पळणं पोरासोरांचं काम, असं आपण समजतो. उद्यापासून मी आधी प्रवरेकाठी पळणार, मगच मुदगल. कोण कोण येताय?

बायको तयार आहे. फक्त बजावलंय, "आता मी थांबायची न्हाई."