एक जास्तीची सात तारीख

माझ्या मोठ्या जाऊबाईंनी ज्या महिन्यात मनात आणलं, त्या महिन्यात एकतीस दिवस असत. फेब्रुवारीतसुद्धा. मी स्वतः याद्या करणारी बाई. किराण्याची यादी, धोब्याची यादी, लग्नात कोणी काय दिलं त्याची यादी. त्यामुळे सत्तरच्या दशकात लग्न होऊन नाकाडोंगरीला आले, तेव्हा या घरात आपला जरा वट राहील असं मला वाटलं होतं. ते जाऊबाईंचा कागद पाहीपर्यंत टिकलं.

चार कोरे ताव खळीने जोडून केलेला तो कागद स्वयंपाकघराच्या दाराआड टांगलेला असे. आडवे महिने, उभ्या तारखा, मधे बोटभर चौकोन. चौकोनाला त्या ‘घर’ म्हणत आणि घराघरात लिहिलेल्या सूत्राला ‘कायदा’. शिक्षण चौथीपर्यंत, पण कायदे असे की वकिलाने पाणी मागावं. आजचं घर म्हणजे कालचं घर वजा आजचा खर्च, इथपर्यंत मलाही समजे. पुढे असे : पगार बाजाराच्या दिवशी पडला तर वजा दहा, कारण पुरुषमाणूस खाणीतून घरी बाजारावरून येतो. बाजाराच्या आदल्या दिवशी पडला तर वजा पाच. जावई आला तर वजा चार, जावई बहिणीला घेऊन आला तर वजा सहा. एक घर बदललं की खालची सगळी घरं खोडरबराने पुसून नव्याने मांडायची. ते काम त्या तांदूळ निवडताना करत, तोंडी.

घरातलं प्रत्येक कार्य या कागदापुढे हात जोडून उभं राही. माझ्या मुलाचं बारसं बाराव्या दिवशी ठरलं होतं. तो दिवस पडला तीन तारखेला. जाऊबाईंनी ते सरळ आठ तारखेवर नेलं. मी कुरकुरले, तर म्हणाल्या, “नावाबिगर लेकरू रडाचं थांबते का वो? पाच दिवस ‘बाळ’ म्हन. जिलबी होईन मंग.” जिलबी झाली. पाहुण्यांत बारसं उशिरा का, असं विचारणारा एकही निघाला नाही.

या सगळ्याच्या मुळाशी एक गोष्ट होती, ती सांगते. आमचे भासरे, म्हणजे माझे मोठे दीर, मँगनीजच्या खाणीत मुकादम होते. दर महिन्याच्या सात तारखेला ते पगाराचं पाकीट घेऊन येत, ओसरीवर खाकरत, आत येऊन ते देवापुढे ठेवत आणि मग दिवसभर घरात राजासारखे वावरत. एकदा जेवताना ते सहज बोलून गेले, “रिटायर झाल्यावर सात तारखेले घरात कसा शिरू मी? रिकाम्या हातानं?” जाऊबाईंनी ताटात भात वाढला.

दुसऱ्या महिन्यापासून कागदाच्या तळाशी एक बिननावाची ओळ आली. मी विचारलं, तर म्हणाल्या, “त्यायची एक सात तारीख मले जमा कराची आहे.”

रीत सोपी होती आणि भयंकर होती. पाकीट सातलाच यायचं, पण जाऊबाई ते आठला फोडायच्या. पुढच्या महिन्यात नऊला. मग दहाला. दर महिना एक दिवस ओढून काढायचा. त्या दिवशी नुसता भात आणि लाखोरीची डाळ, सगळ्यांत स्वस्त. न फोडलेलं पाकीट धानाच्या ढोलीत. तीस महिने हे साधलं की अख्खा एक पगार पुढे. भासऱ्यांना यातलं काही ठाऊक नव्हतं. त्यांना फक्त डाळ दिसे. “अवो सुमनची माय, आपलाच महिना एवढा लांबा काहून होऊन राहिला?”

“तुमी खाणीत असता. वर दिवस मोठे असतात,” जाऊबाई म्हणत.

एकोणतीस दिवस सरकले आणि सुमनला नागपूरला नर्सिंगला प्रवेश मिळाला. फी पाच तारखेला, पगार सातला. जाऊबाई ढोलीपाशी थोडा वेळ उभ्या राहिल्या. मग पाकीट काढून त्यांनी लेकीच्या हातात दिलं आणि खोडरबर घेऊन ती तळची ओळ पहिल्या घरापर्यंत पुसली. “पुन्हा?” मी म्हटलं. “लाखोरी काय महाग झाली?” त्या म्हणाल्या. मी असते तर यादी फाडून टाकली असती.

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीला सुमनच्या नवऱ्याने त्यांना आपल्या कचेरीतला कॉम्प्युटर दाखवला. एक आकडा बदलला की पडद्यावरची सगळी घरं आपोआप बदलत. जाऊबाईंनी शांतपणे पाहिलं. “आमच्यातही बदलते,” म्हणाल्या. “याच्यात बाजाराचा दिवस कुठी टाकला जी?” कागदात स्वतःची किंमत चार रुपये होती, हे जावयाला कुठे माहीत.

पुढच्याच वर्षी भासरे निवृत्त झाले. शेवटचा पगार आणला, देवापुढे ठेवला. त्यानंतरची सात तारीख आली. सकाळपासून ते ओसरीवर बसून, आत येईनात. चहासुद्धा बाहेरच मागितला. जाऊबाई ढोलीकडे गेल्या आणि एक बंद पाकीट आणून त्यांच्या मांडीवर ठेवलं. “घ्या. पगार.”

त्यांनी ते उलटसुलट पाहिलं. त्यांनीच महिन्यापूर्वी आणलेलं, चिकटवलेलं तसंच. म्हणाले, “तरीच म्हनतो. फेब्रुवारीत एकतीस दिवस.”

मग ते उठले. चपला घालून फाटकाबाहेर गेले, तिथून वळले, ओसरीवर खाकरले आणि पाकीट हातात धरून आत आले.

तो कागद आता माझ्याकडे आहे. तळची ओळ त्या सात तारखेपाशी थांबते. पुढची घरं आखलेली आहेत, पण त्यांत एकही कायदा नाही. मी अजून दर महिन्याच्या शेवटी एकदा लाखोरीची डाळ करते. कशासाठी, ते माझ्या कुठल्याच यादीत लिहिलेलं नाही.