शेवटच्या प्रकरणाचं गाणं

काल तळेगावच्या बाजारात मेथी निवडत होतो, तेवढ्यात प्रचाराची जीप आली आणि कर्ण्यातून हलगीचा तो ठेका आला. जुडी हातातच राहिली.

ओल्या मातीचा वास, गार बांध. कॉलेजात असताना माझा दोस्त दत्ता आणि मी त्याच्या शेतात उसाला दारं धरायला गेलो होतो, म्हणजे पाणी सोडून लोळत होतो. मी बंडाची कादंबरी मोठ्यानं वाचायचो, दत्ता प्रत्येक प्रकरणाला टेपवर शाहिरी गाणं लावायचा. हा ठेका आम्ही शेवटच्या उठावासाठी राखून ठेवला होता. उठाव ऐन रंगात आला आणि दत्ताचे आबा ओरडले, "आरं क्रांतिकारकांनो, पाणी शेजारच्या कांद्यात शिरलंय!"

चिखलात फावडं मारताना दत्ता म्हणाला, "बघ तू, एक दिस आख्खं गाव ह्या गाण्यावर उठंल."

गाण्यातल्या मजुराच्या जागी आता उमेदवार साहेबांचं नाव आहे, आणि जीपमध्ये माईक धरून दत्ताच बसला होता.

"दत्ता, हे आपलं गाणं ना रे?"

"व्हय की. पब्लिक थांबतंय बघ ह्याच्यावर. ये, बस गाडीत."

मी नको म्हणालो. तेवढंच बंड मला जमलं. जीप पुढं गेली, तेव्हा खाली पाहिलं, तर माझा पाय ठेका धरत होता.